आमची वाटचाल : रुपया बारीक होत गेला तेव्हा

नानांनी धंदा सुरू केला तो लोकलच्या फलाटांवरची वजनाची मशीनं दुरुस्त करण्याचा. रंगीत दिवे, गरगरणारी चकती आणि नाणं पडलं की खट्‌कन बाहेर येणारं पुठ्ठ्याचं तिकीट. त्यावर वजन आणि भविष्य. वजनावर शंका घेणारी माणसंसुद्धा भविष्य पाकिटात जपून ठेवायची.

आम्हाला खरं काम दिलं ते नाण्यांनी. ऐंशीच्या दशकातला रुपया २६ मिलिमीटरचा, ६ ग्रॅमचा. १९९२ पासून स्टीलचा आला : २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. तरफ हलेना, म्हणून नाना कानस घेऊन बसले. २०११ ला रुपया २२ मिलिमीटरचा झाला, चार ग्रॅमांपेक्षाही हलका, आणि आधीचे रुपयेही चालूच. एका खाचेत तीन मापं कशी बसवायची? मोठ्यासाठी खाच ठेवली की छोटं नाणं सरळ घरंगळत खाली. हळूहळू आम्ही दुकानदारांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यांकडे वळलो. त्यांना दरवर्षी वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक परत येतं.

मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो तेव्हा तिने सॅन फ्रान्सिस्कोत पिअर ४५ या धक्क्यावरच्या म्युझे मेकानिक या जुन्या मशीनांच्या संग्रहालयात नेलं. एडवर्ड झेलिन्स्की यांनी लहानपणापासून जमवलेली मशीनं, ३०० च्या वर. आत जायला तिकीट नाही, पैसे मशीनलाच द्यायचे. पंजा लढवणारा लोखंडी हात, भविष्य सांगणाऱ्या बाहुल्या, आणि काचेआड गदागदा हसणारी यांत्रिक बाहुली, लाफिंग सॅल. १९७२ ला बंद पडलेल्या प्लेलँड या करमणूक बागेतली ती. लोक तिच्याकडे बघत होते, मी वाकून नाण्याच्या खाचा बघत होतो.

"बाबा, उठा, लोक बघतायत!"

पण मला उठवेना. तिथला क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, २४.२६ मिलिमीटरचा. १९६५ ला त्यातली चांदी काढली, वजन ६.२५ वरून ५.६७ ग्रॅमवर आलं, पण व्यास तोच ठेवला. मध्ये तांब्याचा थर घातला तोही मुद्दाम, नाणं ओळखणाऱ्या मशीनांनी ते नाकारू नये म्हणून! नाना असते तर हे ऐकून आधी खूश झाले असते आणि मग चिडले असते.

परत आल्यावर माळ्यावरचं एक मशीन खाली काढलं. कारखान्याच्या दारात उभं आहे, २६ मिलिमीटरवर लावलेलं. शेजारी जुन्या रुपयांचा डबा ठेवलाय. काटा दुरुस्तीला आणणारे आधी त्यावर चढतात. तिकिटं मात्र संपत आलीत.