गोळा, कडं आणि लाइन क्लिअर

एकेरी मार्गावर ‘गोळा मिळाला’ म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ फक्त या गाडीचा. हा गोळा म्हणजे नील्स टोकन यंत्रातून निघणारा पोलादी चेंडू. त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली असतात.

दोन शेजारच्या स्टेशनांवर जोडीनं एकेक यंत्र असतं आणि दोन्ही तारेनं बांधलेली असतात. स्टेशनमास्तर घंटीचा एक ठोका देऊन पलीकडच्याला बोलावतो, मग दोन ठोके देऊन ‘लाइन क्लिअर’, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागतो. पलीकडच्या यंत्राची मूठ ‘ट्रेन कमिंग फ्रॉम’वर वळली आणि तिथून वीज आली, तरच अलीकडची मूठ ‘ट्रेन गोइंग टू’वर फिरते नि गोळा बाहेर पडतो. तो दोहोंपैकी एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा गोळा निघत नाही. गाडी सुटली की तीन ठोके, पोचली की चार.

न थांबणाऱ्या गाडीसाठी गोळा चामडी पिशवीत घालून ती वेताच्या मोठ्या कड्याला बांधत. पॉइंट्समन, म्हणजे स्टेशनातला सांधेवाला, कडं उंच धरून उभा राही आणि फायरमन धावत्या इंजिनावरून त्यात हात घालून ते उचली. रात्री शेजारी मशाल.

गोळा इंजिनाबरोबर येतो, डब्यांबरोबर नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कपलिंग तुटून मागचे डबे वाटेत राहिले तरी गोळा वेळेवर पोचतो. म्हणून शेवटच्या डब्यामागची ‘एल. व्ही.’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी किंवा लाल दिवा पाहिल्याशिवाय मास्तरानं गोळा यंत्रात टाकायचा नसतो.

शेजारच्या विभागाचा, म्हणजे लगतच्या दोन स्टेशनांमधल्या तुकड्याचा, गोळा चुकून बसू नये म्हणून त्याची घडण वेगळी ठेवतात. पण चुकीचा गोळा ड्रायव्हरच्या हातात जाणं यंत्र रोखू शकत नाही. तिथे कोरलेली नावं वाचावीच लागतात. वेल्समधल्या ॲबरम्यूल इथे २६ जानेवारी १९२१ रोजी नेमकं हेच राहून गेलं. तिथे गोळ्याऐवजी टायर (Tyer) नावाच्या यंत्राची धातूची चकती होती. गाडीनं नुकतीच आणून दिलेली मागच्या विभागाची चकतीच तिला परत मिळाली, ती कुणी वाचली नाही. गाडी सुटली, समोरून एक्सप्रेस आली, १७ माणसं गेली.

रोजची अडचण वेगळीच. एका दिशेनं गाड्या जास्त धावल्या की गोळे एका टोकाला साचतात, दुसरं यंत्र रिकामं होतं. मग सिग्नल खात्याचा अधिकृत माणूस यंत्र उघडून, नोंद करून, गोळे पलीकडे नेऊन भरतो. तोवर, किंवा यंत्र बिघडलं तर, ड्रायव्हरला लेखी ‘पेपर लाइन क्लिअर’ देतात.