पिकअपचे मागचे शॉकअप: कंपनीचे की बाहेरचे?

इंदूरच्या चोइथराम मंडीतून बटाटा भरून आमची पिकअप सेंधव्याकडे जाते. मानपूरपुढे भेरू घाटाच्या वळणांवर गाडी डोलायला लागली आणि मागचे टायर ठिकठिकाणी खोलगट झिजलेले दिसले, तेव्हा शॉकअपचा विषय निघाला.

"कडक शॉकअप टाका, वजन पेलतील," असं इंदूरमध्ये जो तो सांगतो. पण वजन पेलतात ते पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी तेलातून जिरवतो आणि त्यात स्वतः तापतो. म्हणून आधी पाटे आणि ते आवळून धरणारे यू-बोल्ट तपासून घेतले. ते ठीक निघाले. मग घाट उतरल्यावर गाडी थांबवून शॉकअपला जपून हात लावून पाहिला. डावा चांगला तापलेला, उजवा गार. गार म्हणजे तो कामच करत नव्हता.

गाडीसोबत आलेला कंपनीचा शॉकअप दोन नळ्यांचा होता. गाडी रिकामी असो की भरलेली, दोन्हीकडे चालेल असा तो बसवलेला असतो. भरल्या गाडीने खराब रस्ता लांबपर्यंत कापला की तेल तापून फेसाळतं आणि पकड सुटते. गॅसच्या एकनळी शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब फेस होऊ देत नाही, शिवाय नळीला थेट वारा लागतो. मात्र दगड लागून नळीला पोचा पडला तर पिस्टन अडकतो, आणि किंमतही जास्त. कंपनीचा माल कमी दर्जाचा असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या शेजारी देवासला कारखाना असलेली गॅब्रिएल गाड्यांच्या कंपन्यांनाही शॉकअप पुरवते आणि बाजारातही विकते.

खरा वेळ मापात गेला, आणि तो द्यायलाच हवा. जॅकवर चेसी उचलून एक्सल (मागच्या चाकांना जोडणारा दांडा) लोंबकळत सोडला आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजलं. मग एक्सल वर येऊन चेसीखालच्या रबरी ठोकळ्याला टेकेल तेव्हाचं अंतर काढलं. शॉकअप आखूड असला तर एक्सल खाली जाताना तोच ताणला जातो आणि त्याचे बोल्टाचे कान तुटतात. लांब असला तर ठोकळ्याआधी तोच आपटतो. दुकानदार गाडीचं नाव ऐकून डबा पुढे करतो. मी मापं दाखवूनच मागची गॅसची जोडी घेतली.

बसवताना मिस्त्रीकाका म्हणाले, "बोल्ट आत्ता नुसते लावतो. गाडी चाकांवर उभी राहिली की आवळू, नाहीतर कानातला रबरी बुश पिळला जातो."

पुढचे कंपनीचेच ठेवले. पुढच्या चाकांवर इंजिनाचं वजन कायमचं असतं, मालाने फारसा फरक पडत नाही. मागे मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता घाटात भरली गाडी एका हेलकाव्यात स्थिरावते. रिकामी परतताना मागून दणके जास्त बसतात, ड्रायव्हरची पाठ ते सांगते. आमच्या बहुतेक फेऱ्या भरल्या असतात म्हणून हे परवडतं. सियागंजातून शहरातल्या शहरात किराणा पोचवणाऱ्या भाच्याला मी कंपनीचेच घ्यायला लावले.