गुहागर ते विजापूर, कुंभार्लीमार्गे

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कऱ्हाडहून चिपळूणला आजोळी जात असू. ज्या रस्त्याने एसटी जायची, त्याला घरात सगळे ‘कुंभार्ली’च म्हणत. वास्तविक घाट हा त्या रस्त्याचा एक लहानसा तुकडा आहे. गुहागरच्या समुद्रापासून निघालेला हा रस्ता चिपळूण, पाटण, कऱ्हाड, विटा, जत असा मजल दरमजल करत विजापूरला पोहोचतो. अनेक वर्षे राज्यमार्ग असलेला हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 166 ई झाला आहे.

गुहागर आणि विजापूर या नावांची जोडी प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, पण ती जुन्या व्यापाराला धरून आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही काळातले मोठे बंदर होते आणि तिथे उतरलेला माल विजापूरकडे न्यायचा तर सह्याद्री ओलांडणे भागच होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कुंभार्लीतून गाडीरस्ता केला, तेव्हा कऱ्हाड भागातला कापूस बैलगाड्यांनी चिपळूणला उतरू लागला आणि तिथून गलबतांत भरून मुंबईला जाऊ लागला. 1880 च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाला आणि मालाचा ओघ रेल्वेकडे वळला.

मला मात्र या रस्त्यावर सर्वांत जास्त ओढ आहे ती हेळवाकची. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सुमारे 65 किलोमीटर दक्षिणेकडे वाहत येते आणि इथे जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते. तिथून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापर्यंत रस्ता तिच्या खोऱ्यातूनच जातो. वळणाच्या थोडे वर 103 मीटर उंचीचे कोयना धरण आहे. त्यात अडवलेले बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात आणि डोंगराच्या पोटातल्या वीजगृहांतून ते वाशिष्ठीला मिळते. ज्या डोंगरावर आमची एसटी धापा टाकत चढायची, त्याच्याच आतून कोयनेचे पाणी कोकणात उतरत असते, हे कळल्यापासून घाटातला प्रवास मला कधी कंटाळवाणा वाटला नाही. कोयनानगर, पोफळी आणि अलोरे येथील वसाहतीही याच प्रकल्पामुळे उभ्या राहिल्या.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे याच कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. कऱ्हाडच्या आमच्या घरातली उतरंड त्या धक्क्याने कोसळली. फुटलेल्या मडक्यांतले धान्य आजीने दोन दिवस निवडले, असे ती सांगत असे.

गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा या रस्त्याने गेलो. पाटण-कऱ्हाड पट्ट्यात रुंदीकरण होताना दुतर्फा उभी असलेली जुनी झाडे गेली, आणि त्यांच्या सावलीत वाढलेल्या आम्हा लोकांना त्याचे दुःख आहे. घाटात पांढरे धुके इतके उतरले होते की पुढच्या टेम्पोचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. टेम्पो भाजीचा होता, कऱ्हाडहून चिपळूणच्या बाजाराला निघालेला. घाटमाथ्यावरच्या टपरीपाशी चालकाने तो बाजूला घेतला, चहा मागवला आणि धुके विरळ होईपर्यंत गाडी हलवली नाही. आम्हीही त्याच्यामागे थांबलो.