ओव्हरलँड ट्रॅक: टास्मानियातले सहा दिवस

निघायच्या आदल्या रात्री लाँसेस्टन शहरात सॅक वजनकाट्याला लावली, चौदा किलो भरली. मेलबर्नचा माझा भाचा हसून म्हणाला, "मावशी, अजून पाणी भरायचंय."

ओव्हरलँड ट्रॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरची, क्रेडल माउंटन ते लेक सेंट क्लेअर ही साधारण ६५ किलोमीटरची वाट. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात आधी आरक्षण लागतं, रोज ठरावीकच माणसं सोडतात आणि सगळ्यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडेच चालायचं. ट्रॅकचं शुल्क वेगळं, राष्ट्रीय उद्यानाचा पास वेगळा. आम्ही फेब्रुवारीत गेलो, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात.

त्या उन्हाळ्याने पहिल्याच दिवशी इंगा दाखवला. रॉनी क्रीकला कोवळं ऊन होतं, गवतात वॉम्बॅट नावाचे प्राणी डुकरासारखे निवांत चरत होते. (त्यांची लेंडी खरोखर चौकोनी असते, खात्री करून घेतली.) मॅरियन्स लुकआउटचा चढ साखळी धरून चढलो, आणि वर पठारावर वाऱ्याने गारा तोंडावर मारायला सुरुवात केली. किचन हट या छोट्याशा निवाऱ्यात तासभर कुडकुडत बसलो आणि क्रेडलचं शिखर सोडून दिलं. सह्याद्रीतला पाच मिनिटांत गुंडाळायचा पॉन्चो इथे कामाचा नाही. चांगलं रेनकोट-जॅकेट, वरून वॉटरप्रूफ पँट, लोकरी बनियन आणि टोपी घ्याच. सुती कपडे घरी ठेवा.

मुक्कामाच्या हटमध्ये फक्त फळ्यांची झोपायची जागा मिळते, आणि ती जो आधी पोचेल त्याची. त्यामुळे तंबू प्रत्येकाकडे हवाच. गादी, भांडी, शेगडी काहीही नसतं. स्टोव्ह आपला, गॅसचं डबडंही आपलं. ते विमानात नेता येत नाही, लाँसेस्टनला उतरल्यावर घ्यायचं. फळं, भाज्या, बिया टास्मानियात आणूच देत नाहीत. भारतातून येताना खाण्याचं जे काही असेल ते विमानातल्या कार्डावर लिहून टाका. लपवलेल्या एका पुडीपायी दंड भरावा लागेल. आम्ही पोहे, मुगाची डाळ आणि चिक्की मेलबर्नच्या भारतीय दुकानातून घेतली.

त्या चिक्कीची कथा सांगायलाच हवी. पेलियन गॅप या खिंडीत सॅका ठेवून लोक माउंट ओसाला जाऊन येतात. १६१७ मीटर, टास्मानियातलं सगळ्यात उंच शिखर. जाऊन-येऊन चार-पाच तास, वरती मोठमोठ्या दगडांवरून हातपाय टेकत. परत आलो तर माझ्या सॅकची चेन उघडी आणि चिक्कीचा कागद झुडपात. करावाँग नावाच्या काळ्या पक्ष्याला चेन उघडता येते हे मी वाचलं होतं, पण विश्वास ठेवला नव्हता. खाणं सॅकच्या अगदी आत ठेवा आणि वरून रेनकव्हर घट्ट बसवा. चिक्कीपेक्षा, त्या पक्ष्याला माणसाच्या खाण्याची चटक लागायला मी हातभार लावला, याची लाज जास्त वाटली.

सरपण गोळा करून चूल पेटवायची सवय असलेल्या मला शेकोटीवरची बंदी सुरुवातीला जाचली. रात्री पारा पाच-सहाच्या आसपास आणि नुसतं लाकडाकडे बघत बसायचं! विंडरमिअर तळ्याजवळ भाच्याने पेन्सिल पाइन दाखवली, तेव्हा तोंड बंद झालं. हे झाड टास्मानियाबाहेर कुठे उगवत नाही, हजार वर्षांहून अधिक जगतं आणि आगीनंतर बहुधा पुन्हा उभं राहत नाही. २०१६ च्या जानेवारीत विजा पडून पूर्वेकडच्या सेंट्रल पठारावर वणवे लागले, त्यात अशी जुनी झाडं कायमची गेली. शिवाय इथली काळी माती म्हणजे पीट, ती स्वतःच धुमसत राहते. बूट घासून धुवायची केंद्रंही झाडं वाचवण्यासाठीच आहेत: मुळं कुजवणारा रोग चिखलातून पसरतो. चिखल आला तर कडेने नवी पायवाट पाडू नका, सरळ मधून जा. गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) असले की भीती नाही, जळवांपासूनही थोडी सुटका.

हा सगळा प्रदेश १९८२ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. तेव्हाच पश्चिमेकडे, फ्रँकलिन नदी गॉर्डन नदीला मिळते त्याच्या खालच्या अंगाला, गॉर्डनवर धरण बांधायचा घाट घातला होता. लोक होड्या घेऊन आडवे गेले, हजारावर अटका झाल्या आणि १ जुलै १९८३ ला तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवलं. नर्मदेची आठवण आली आणि त्या एका मताचा मला फार वेळ हेवा वाटत राहिला.

मधले दोन दिवस जंगल आणि धबधब्यांचे. डि'आल्टन आणि फर्गसन धबधब्यांना जायला वाट सोडून थोडं खाली उतरावं लागतं, कंटाळा करू नका. सापांचं म्हणाल तर इथल्या तिन्ही जाती विषारी आहेत. आम्हाला त्यातला एक, टायगर स्नेक, वाटेवर टाकलेल्या लाकडी फळ्यांवर ऊन खाताना दिसला, दहा मिनिटं थांबलो, तो गेला. मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. संकटात उपग्रहाला संदेश धाडणारा बीकन भाड्याने घ्या.

शेवटच्या दिवशी नार्सिसस हटपासून सुमारे सतरा किलोमीटर तळ्याकाठाने चालायचं किंवा बोट पकडायची. बोटीचं आरक्षण आधीच करा आणि पोचल्यावर हटमधल्या रेडिओवरून पुन्हा कळवा. आम्ही बोट घेतली. तळ्याचं मूळ नाव लीयावुलीना, म्हणजे झोपलेलं पाणी. पलीकडच्या कॅफेत भाच्याने मला चहा पाजला, आणि मी खिशातला चिक्कीचा चुरगळलेला कागद तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.