थंडरबर्डला सर्व्हरचं नाव कोण सांगतं?

थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये नाव, पत्ता, पासवर्ड टाकून बटण दाबलं की थोड्याच वेळात सर्व्हरची नावं, पोर्ट (सर्व्हरच्या कोणत्या दाराने जायचं तो क्रमांक), सुरक्षेचा प्रकार, सगळं आपोआप भरलेलं दिसतं. जीमेलचं ठीक आहे. स्वतःच्या डोमेनवरच्या, म्हणजे @ नंतर स्वतःचं नाव असलेल्या, पत्त्याला मात्र हे कधी जमतं, कधी जमत नाही, आणि कधी चुकीचं भरलं जातं. सगळ्यात जास्त डोकं खातो तो हा तिसरा प्रकार.

शोध असा चालतो. पत्त्यातला डोमेनचा भाग घेऊन थंडरबर्ड आधी त्या डोमेनच्या मालकालाच विचारतं. त्यासाठी दोन जागा ठरलेल्या आहेत: डोमेनच्या आधी 'ऑटोकॉन्फिग' लावून तयार होणारं सबडोमेन, नाहीतर मुख्य वेबसाइटवरचं 'वेल-नोन' फोल्डर. तिथे 'कॉन्फिग-व्ही1.1' नावाची एक्सएमएल फाइल (खुणांमध्ये माहिती मांडलेली मजकूर-फाइल) असावी लागते. दुसरा आधार म्हणजे थंडरबर्डमागच्या मोझिलाने जमवलेला मेल कंपन्यांचा डेटाबेस. तिथेही डोमेन नसेल तर एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जातो ती नोंद, पाहिला जातो. तुमच्या डोमेनचा मेल गूगल वर्कस्पेसवर असेल, तर एमएक्स गूगलचा निघतो आणि त्यावरून जीमेलचीच सेटिंग्ज मिळतात. यातलं काहीच लागलं नाही तर उरतो अंदाज: 'आयमॅप' (मेल वाचण्याची पद्धत), 'मेल', 'एसएमटीपी' (मेल पाठवण्याची पद्धत) ही नावं डोमेनच्या आधी लावून 993, 143, 587, 465 अशी नेहमीची पोर्ट ठोठावून बघायची.

सेटिंग्ज सापडली की ती कुठून आली हे थंडरबर्ड एका ओळीत सांगतं. ही ओळ वाचण्याची सवय लावून घ्या. मेल कंपनीकडून किंवा मोझिलाच्या डेटाबेसमधून आली असतील तर बहुधा बरोबर असतात. नेहमीची नावं वापरून पाहिली असं लिहिलेलं असेल, तर पुढे जाण्याआधी प्रत्येक रकाना तपासा. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची डोमेन असतात तिथे) 'मेल' लावलेलं नाव उत्तर देतं खरं, पण सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र असतं होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचं. मग प्रमाणपत्राचा इशारा येतो आणि लोक बिनधास्त अपवाद मंजूर करून टाकतात. तसं करू नका; सर्व्हरचं खरं नाव घाला.

डोमेन तुमचं असेल तर ती एक्सएमएल फाइल स्वतः ठेवणं अर्ध्या तासाचं काम आहे. सबडोमेनपेक्षा 'वेल-नोन'चा रस्ता सोपा, कारण वेबसाइटला एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र आधीच असतं. 'ऑटोकॉन्फिग' सबडोमेन सीनेमने (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदीने) होस्टिंग कंपनीकडे वळवलं आणि प्रमाणपत्रात ते नाव नसलं, तर एचटीटीपीएसवर फाइल मिळतच नाही. फाइलमध्ये आयमॅप आधी आणि पॉप (मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत) नंतर लिहा, कारण पहिल्या नोंदीला पसंती मिळते. युजरनेमच्या जागी खरा पत्ता न लिहिता 'ईमेलॲड्रेस' हा शब्द दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह लावून इंग्रजी मोठ्या अक्षरांत ठेवायचा. थंडरबर्ड तिथे प्रत्येकाचा आपापला पत्ता भरतं. फाइल ब्राउझरमध्ये उघडून पाहा. एक्सएमएलऐवजी वेबसाइटचं पान दिसलं, तर सर्व्हर कोणत्याही वेबपत्त्याला होकार देतोय आणि थंडरबर्डला त्या पानाचा काही उपयोग नाही.

सर्वाधिक चुका पोर्ट आणि सुरक्षेच्या जोडीत होतात. 993 आणि 465 सोबत एसएसएल (पहिल्यापासूनच कूटबद्ध जोडणी), 143 आणि 587 सोबत स्टार्टटीएलएस (साधी सुरू होऊन मग कूटबद्ध होणारी). 465 ला स्टार्टटीएलएस लावलं तर लगेच एरर येत नाही, नुसतं लटकून राहतं: प्रोग्राम सर्व्हरच्या साध्या मजकुरातल्या स्वागताची वाट बघतो आणि सर्व्हर टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, सुरू होण्याची. दोघेही 'आधी तुम्ही' म्हणत बसलेले. शेवटी टाइमआउट.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्रामची पद्धत वेगळी. ते 'ऑटोडिस्कव्हर' शोधतं आणि त्यालाही डोमेनवर तसंच सबडोमेन किंवा एसआरव्ही रेकॉर्ड (सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ती नोंद) लागतो. इथला धोका मोठा आहे. 2021 मध्ये गार्डिकोर या सुरक्षा कंपनीने दाखवलं की काही प्रोग्रामना तुमच्या डोमेनवर उत्तर मिळालं नाही की ते डोमेनचं नावच गाळून थेट 'ऑटोडिस्कव्हर डॉट इन'सारख्या पत्त्याकडे जातात, आणि लॉगिनचे तपशीलही तिकडे पाठवतात. कंपनीने असे काही डोमेन विकत घेऊन ठेवले होते; चारेक महिन्यांत विंडोज डोमेनचे (ऑफिसांच्या विंडोज नेटवर्कचे) 3,72,072 लॉगिन त्यांच्याकडे आले. म्हणून एक्सचेंज हा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर वापरत असाल तर ऑटोडिस्कव्हरचा रेकॉर्ड राहून गेलेला चालत नाही.

अँड्रॉइडवरचं थंडरबर्डही हीच एक्सएमएल फाइल वाचतं. आयफोनसाठी मात्र 'मोबाइलकॉन्फिग' प्रोफाइल (सेटिंग्जची ॲपलची फाइल) वेगळी बनवून द्यावी लागते.

सेटिंग्ज बरोबर असूनही पासवर्ड नाकारला जातो, तेव्हा मेल कंपनीला ओऑथ (कंपनीच्याच पानावर लॉगिन करून परवानगी देणं) हवं असतं किंवा वेगळा ॲप पासवर्ड (फक्त त्या प्रोग्रामसाठी बनवलेला). मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डचं लॉगिन सप्टेंबर 2024 मध्ये बंद केलं. तिथे पोर्ट बदलून बघण्यात वेळ घालवू नका.

आणि ही फाइल फक्त खातं जोडताना वाचली जाते. पुढे सर्व्हर बदलून फाइल सुधारली, तरी आधी जोडलेली खाती जुन्याच नावावर जात राहतात. ती सगळी हाताने बदलून होईपर्यंत जुनं नाव डीएनएसमधून (डोमेनच्या नोंदवहीतून) काढू नका. ते नव्या सर्व्हरकडे वळवा आणि नव्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रात जुनं नावही घाला.