दम वाढला, मांड्या मागे राहिल्या: 12 आठवड्यांच्या तयारीचा अनुभव

पाच-सहा आठवडे संथ धावलं की धाप कमी लागते, नाडीही खाली येते. मांड्यांना मात्र त्यातून उताराची सवय लागत नाही. हाफ मॅरेथॉनच्या तयारीत मला हे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागले.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळत असतो, ब्रेक लावावा तसा. त्यात तंतूंमधले काही सार्कोमियर, म्हणजे स्नायू आखडणारे सूक्ष्म तुकडे, जास्त ताणून विस्कटतात, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि फाटक्या आवरणातून क्रिएटिन कायनेज हे स्नायूतलं एन्झाइम, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टातलं सीके, रक्तात झिरपतं. दुखणं 24 ते 72 तासांत टोकाला जातं. आपण 'पाय आंबले' म्हणतो खरं, पण त्यात आंबट काही नसतं. ज्याला दोष दिला जातो ते लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचं रूप) तास-दीड तासात मूळ पातळीवर येतं.

नियमित लांब धावण्यानं मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं), केशवाहिन्या आणि ऑक्सिडेशनविरोधी एन्झाइम वाढतात. तोच वेग शरीराला हलका पडतो, थकवा उशिरा येतो, म्हणून दमवणाऱ्या रननंतर सरावलेल्याचं सीके सहसा कमी चढतं. उताराचं संरक्षण वेगळं: ते उतरूनच मिळतं. एक छोटं सत्रही पुढचे काही आठवडे पुरतं. सायकलिंगनं ते जवळपास मिळतच नाही, कारण पेडल मारताना स्नायू आखडतो, ताण सहन करत लांबत नाही.

म्हणून मी आठवड्याला चार रन ठेवले, त्यातले तीन गप्पा मारता येतील अशा वेगात. चौथ्या आठवड्यापासून दर 10 ते 14 दिवसांनी एका इझी रनच्या जागी उतार: साधारण 5 ते 6 टक्के चढाची जागा, दोन-दोन मिनिटांच्या 4 फेऱ्या खाली, वर चालत. पुढच्या वेळी 6, मग 8. पावलं छोटी, पाय शरीराच्या खाली पडायला हवा. पुढे टाकला की ब्रेक जोरात लागतो. शेवटचं सत्र स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी. हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी 8 फेऱ्या. मग चार दिवस जिना उतरताना कठडा धरा. शिवाय दुखणं गेलं तरी ताकद परतायला वेळ लागतो. ती मी एका पायावर, पायरीवरून सावकाश उतरून पाहतो. गुडघा थरथरला की त्या दिवशी फक्त चालणं.

सीके तपासायचंच असेल तर आधी तीन-चार दिवस व्यायाम बंद. सरावलेल्यांचं मूळ सीकेही लॅबच्या मर्यादेपेक्षा वर असू शकतं, आणि माणसामाणसांत फरक इतका की दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना निरर्थक. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी हे एन्झाइमही स्नायूंतून वाढतं, त्यामुळे डॉक्टरांना रनबद्दल सांगा, नाहीतर शंका उगाच लिव्हरवर जाते.

लांब रनआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर तिचा भार पडतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मांड्या सुजून घट्ट झाल्या किंवा उभं राहवेना, तर घरी शेकत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.