सिगारेट सोडल्यावर खोकला वाढतो तेव्हा

सिगारेट सोडून आठवडा होत नाही तोच तक्रार येते, "पूर्वी नव्हता एवढा खोकला आता येतोय, मला सोडणं मानवत नाही." खोकला वाढतो हे खरं, पण कारण उलटं आहे. श्वासनलिकांच्या आत अतिसूक्ष्म केसांचं अस्तर असतं आणि कफ वर ढकलणं हे त्याचं काम. धुराने ते लुळं पडलेलं असतं. धूर थांबला की ते पुन्हा हलू लागतं आणि साचलेला कफ सुटतो. काही आठवडे हे चालतं. कफात रक्त दिसलं किंवा महिनाभरात काहीच उतार पडला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बाकी सुधारणा मुकाट्याने होतात. २० मिनिटांत नाडी उतरू लागते, दिवसा-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत ते जवळपास संपतं. मेंदूला मात्र अजून त्याची सवय असते. म्हणून दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, बेचैनी हे दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. वाढलेली भूक आणि बद्धकोष्ठ त्याहून जास्त काळ रेंगाळू शकतं.

यात एक भलताच गुन्हेगार सुटून जातो, तो म्हणजे कॅफीन. धुरातल्या डांबरी घटकांमुळे (निकोटिनमुळे नव्हे) यकृत कॅफीनचा निकाल झटपट लावत असतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो आणि नेहमीचीच कॉफी जास्त चढते. धडधड, हाताला कंप, उडालेली झोप. दोष सगळा सिगारेट सोडण्यावर. कॉफी निम्मी करून बघा. थिओफिलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन या औषधांचंही असंच होतं, त्यामुळे ती चालू असतील तर सोडण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

सिगारेट सोडताना तलफ भागवायला निकोटिन गम मिळतं, पण त्याचं नावच फसवं आहे. लोक ते साध्या च्युइंगमसारखं चघळतात, निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या आणि मळमळ सुरू होते आणि पाकीट कचऱ्यात. सावकाश चावा, तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस नको. आम्लामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. कमी ताकदीचं घेऊन "गम चालत नाही" म्हणणारे पुष्कळ.

दुसरा पर्याय म्हणजे त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांसाठी तो सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरू होतो. रोज नवी जागा, कोरडी त्वचा. विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढा. गरोदरपण किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका असेल तर आधी वैद्यकीय सल्ला.

तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ जागा बदला, पाणी प्या, हात गुंतवा. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, पण सिगारेट सोडली त्याच आठवड्यात डाएट सुरू करू नका. दोन उपासमारी एकत्र पेलत नाहीत.

आणि मध्येच एखादी ओढली गेलीच, तर पॅच फेकू नका. तो तसाच चालू ठेवा, पाकिटातल्या उरलेल्या सिगारेटी फेका.